परिचारिकांच्या पाठीवरची काटकसर

‘ताणतणाव व्यवस्थापन’ नावाचे एक नवे कर्मकांड गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या रुग्णालयांतून रूढ झाले आहे. १२ मे हा परिचारिका दिन जवळ आला की त्याचा मुहूर्त धरला जातो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांच्या हस्ते प्रत्येकीला गुलाबाचे फूल आणि मग बाहेरून बोलावलेल्या व्याख्यात्याचे प्रवचन. दीर्घ श्वास घ्यावा, सकारात्मक विचार करावा, घरची चिंता घरी ठेवावी, दररोज वीस मिनिटे ध्यानाला बसावे. समोर बसलेल्यांपैकी काहीजणी रात्रपाळी संपवून परस्पर सभागृहात आलेल्या असतात. त्यांचे मिटलेले डोळे पाहून व्याख्याता संतुष्ट होतो. आपला उपदेश तत्काळ फळाला आला असे त्याला वाटत असावे.

दीर्घ श्वासाला माझा विरोध असण्याचे कारण नाही. विरोध आहे तो या सोहळ्यामागच्या गृहीतकाला. परिचारिकेच्या प्रकृतीची जी आबाळ होते तिचे मूळ तिच्या मनात आहे आणि ते मन सुधारण्याची जबाबदारीही तिचीच, असे ते गृहीतक आहे. अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाला येथे निराळाच आणि फार जुना व्यवहार दिसतो. वॉर्डात जितकी माणसे हवीत तितकी नेमायची नाहीत. त्यातून वेतनाचा जो पैसा वाचेल तो शिलकीत दाखवायचा. आणि न नेमलेल्यांचे काम नेमलेल्यांच्या कंबरेतून, पायांतून, झोपेतून काढून घ्यायचे. अंदाजपत्रक याला काटकसर म्हणते. वास्तविक ते कर्ज आहे. घेणारा एक आणि फेडणारी दुसरी, अशा या कर्जाला ‘ताण’ हे नाव दिले म्हणजे सावकार दिसेनासा होतो.

सातारा आणि सांगलीच्या कार्यकर्त्यांपुढे हा विषय मांडण्याला कारण आहे. या दोन जिल्ह्यांइतकी दाट रुग्णालये ग्रामीण महाराष्ट्रात क्वचितच आढळतील. १८९४ साली विल्यम वान्लेस यांनी मिरजेत मिशनचे रुग्णालय उभारले. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सांगोला-जतपासून उत्तर कर्नाटकापर्यंतचा रोगी आजही मिरजेची वाट धरतो. कराडला कृष्णाकाठी खासगी वैद्यकीय शिक्षणाचा मोठा पसारा उभा आहे. साताऱ्यात अलीकडच्या वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सावित्रीबाई फुले याच सातारा जिल्ह्यातील नायगावच्या; १८९७ च्या प्लेगात पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. शुश्रूषा करणारीच्या शरीराला धोका असतो ही गोष्ट आपल्याला नव्याने कळण्याजोगी नाही. मार्च २०२० मध्ये ती पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आली. २२ तारखेला देशभर थाळ्या वाजल्या आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरातील एका कुटुंबातील चौघांना करोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. त्यांच्यावर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले. त्या वॉर्डात आत जाणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. पुढे राज्यभर महासाथीपुरत्या कंत्राटावर परिचारिका घेतल्या गेल्या आणि लाट ओसरताच त्यांना घरी पाठविण्यात आले. थाळी वाजविणाऱ्यांपैकी कितीजणांना तेव्हा ती पुन्हा वाजवावीशी वाटली?

पाठ, पाय आणि झोप

शरीराची गोष्ट शरीरापासूनच सुरू केलेली बरी. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. रोगी साठ-सत्तर किलोचा, लोखंडी खाट गुडघ्याएवढी उंच, मदतीला असावयाचे ते ‘मामा’ किंवा ‘मावशी’ क्ष-किरण विभागात दुसरा रोगी घेऊन गेलेले. कंबरेत वाकून, हात पुढे ताणून उचललेले ओझे पाठीच्या खालच्या मणक्यांवर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट दाब आणते; तरफेचा नियम शाळेत शिकलेल्या कोणालाही हे समजेल. वीस वर्षे असे उचलले म्हणजे मणक्यांमधल्या चकत्या झिजतात आणि पायात कळा उतरू लागतात. खाटेची उंची कमी-जास्त करण्याची सोय, रोगी सरकविण्याची फळी, उचलण्याचे साधे यंत्र, या वस्तू काही चंद्रावरून आणावयाच्या नाहीत. जी रुग्णालये प्रवेशद्वारी संगमरवर बसवितात त्यांना त्या परवडत नाहीत असे मानणे कठीण आहे.

आपल्याच भागातील दुसऱ्या पाठीची आठवण येथे काढली पाहिजे. पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. बाबा आढावांनी हमाल पंचायतीच्या द्वारे शंभर किलोच्या पोत्याविरुद्ध झुंज दिली. पन्नास किलोचे पोते ही त्या चळवळीची कमाई. सांगलीच्या हळदीच्या पेठेतील हमालाची पाठ हा राजकीय प्रश्न आहे हे आपल्या चळवळीने लोकांना पटवून दिले. त्याच सांगलीत, दीड-दोन मैलांवरच्या वॉर्डातील सिस्टरची पाठ हा मात्र तिचा खासगी आजार ठरला. तिने मलम चोळावे आणि कामावर यावे. रोग्याला पन्नास किलोचा नियम लावता येत नाही हे खरे. उचलणाऱ्या हातांची संख्या वाढविता येते.

पायांच्या फुगलेल्या शिरा, पित्त, अनियमित पाळी, तासन् तास लघवी रोखून धरल्याने होणारा मूत्रमार्गाचा दाह, सुई टोचल्याने होऊ शकणारी ‘ब’ प्रकारची कावीळ, यांचा येथे विस्तार करीत नाही. कोणत्याही ज्येष्ठ परिचारिकेशी दहा मिनिटे बोलले तरी ही यादी मिळते. पाणी कमी प्यायची सवय तिने मुद्दाम लावून घेतलेली असते, कारण पाळीत वॉर्ड सोडून जाता येत नाही आणि जाण्याजोगी जागाही जवळ नसते.

रात्रपाळीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तेथे पुरावा भरभक्कम आहे आणि आपल्याकडे त्याची वार्ताही नाही. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी १९७६ मध्ये १,२१,७०० परिचारिकांची प्रकृती वर्षानुवर्षे नोंदवून ठेवण्याचे काम हाती घेतले. १९९५ मध्ये त्या नोंदींवरून असे दिसले की, ज्यांनी सहा वा अधिक वर्षे आलटून-पालटून रात्रपाळ्या केल्या त्यांना हृदयरोगाचा धोका, कधीच रात्रपाळी न केलेल्यांच्या मानाने, सुमारे निम्म्याने अधिक होता. २०११ मध्ये मधुमेहाविषयी तसेच निष्कर्ष आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ गोष्टींत केली आणि २०१९ मध्ये फेरतपासणी करून ते मत कायम ठेवले. डेन्मार्कने तर दीर्घकाळ रात्रपाळी केलेल्या आणि स्तनाच्या कर्करोगाने आजारी पडलेल्या काही स्त्रियांना व्यवसायजन्य रोगाची भरपाई दिली. शरीरातील घड्याळ सूर्याच्या उजेडावर चालते. आठवड्याला पाळी बदलली की ते कोणत्याच वेळेला लागत नाही. आपल्या भरपाईच्या कायद्यातील रोगांच्या यादीत रात्रपाळी नावाचे कारण आजवर आलेले नाही.

शिवाय डेन्मार्कच्या परिचारिकेला घरी गेल्यावर झोपता तरी येत असेल. आमची सिस्टर सकाळी घरी पोहोचते तेव्हा नळाला पाणी आलेले असते, मुलांचे डबे व्हायचे असतात, सासूबाईंची औषधाची वेळ झालेली असते. दुपारी बाराला ती आडवी होते. एप्रिल महिन्यात सांगलीत पत्र्याखाली दुपारी बाराला ज्याने झोपून पाहिले असेल त्याने ध्यानधारणेवर व्याख्यान द्यावे.

साठ खाटांचा हिशेब

ज्या नाइटिंगेलबाईंना आपण हार घालतो त्यांचा हातातल्या दिव्यापेक्षा आकड्यांवर विश्वास अधिक होता. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मेले, हे त्यांनी कोष्टके आणि आकृत्या काढून ब्रिटिश सरकारच्या गळी उतरविले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद होत. युद्धावरून परतल्यावर त्या स्वतः कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून होत्या, हेही जाता जाता सांगून ठेवतो. व्याख्याते ते सांगत नाहीत. तेव्हा त्यांचा मान राखून आपणही थोडा हिशेब करू.

भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण असे आहे: वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, आणि रजा, सुट्टी, आजारपण यांसाठी वर तीस टक्के राखीव. साठ खाटांचा वॉर्ड घ्या. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याला वीस परिचारिका लागतील, राखीव धरून सव्वीस. वीसजणींची तीन पाळ्यांत वाटणी केली तर रात्रीच्या वाट्याला निदान पाच-सहा याव्यात. वाचकांपैकी ज्यांनी आप्ताच्या उशाशी सरकारी वॉर्डात रात्र काढली असेल त्यांनी आठवून पाहावे: साठ खाटांच्या वॉर्डात रात्री सहा सिस्टर एकत्र दिसल्या काय? दोघी दिसल्या असतील तर प्रत्येकीकडे तीस रोगी. आठ तासांची ४८० मिनिटे भागिले तीस, म्हणजे रोग्यामागे सोळा मिनिटे. त्यात ताप आणि रक्तदाब पाहणे, इंजेक्शने, सलाईन बदलणे, लघवीची नळी पाहणे, रक्ताचे नमुने पाठविणे, केसपेपर भरणे, विमा योजनेची कागदपत्रे पुरी करणे, डॉक्टरांना फोन लावणे, नातेवाइकांचे प्रश्न आणि त्यांचा संताप झेलणे. एका रोग्याची प्रकृती अचानक बिघडली की उरलेल्या एकोणतिसांची मिनिटे त्याच्या खाटेजवळ खर्च होतात. आणि हा हिशेब खाटांचा झाला. जमिनीवर गादी टाकून ठेवलेला रोगी त्यात धरलेलाच नाही.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा महाराष्ट्राच्या आरोग्यव्यवस्थेवरचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळापुढे आला. शासकीय आरोग्यसेवेत परिचारिकांची मंजूर पदे सुमारे एक तृतीयांश रिकामी असल्याचे त्यातून दिसते. मंजूर पदांचा आकृतिबंधच जेथे गरजेपेक्षा तोकडा, तेथे त्यातलाही तिसरा हिस्सा रिकामा! साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयाचा विचार करावा. जिल्हा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडले गेले की परिषदेच्या प्रमाणाप्रमाणे पाच खाटांऐवजी तीन खाटांमागे एक परिचारिका लागते. फलक बदलला, प्राध्यापक आले, विद्यार्थी आले. त्या प्रमाणात परिचारिकांची पदे वाढली काय, हा प्रश्न उद्घाटनाच्या एकाही भाषणात माझ्या कानी आला नाही.

शासनाच्या बाजूने एक आकडा नेहमी फेकला जातो, त्याचाही समाचार घेऊ. १९४६ च्या भोर समितीच्या वेळी देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती आणि समितीने पाचशे लोकांमागे एक हे उद्दिष्ट ठेवले होते. केंद्र सरकारने संसदेत सांगितलेले प्रमाण हजारी १.९६ आहे, म्हणजे जवळजवळ पाचशेला एक. भोर समितीचे स्वप्न साकार झाले म्हणावयाचे! ही मोजणी परिषदेच्या नोंदवहीतील नावांची आहे. त्या नावांपैकी कोणी आखातात आहे, कोणी ब्रिटनमध्ये, कोणी निवृत्त झाली, कोणी सहा हजार रुपयांवर राबण्यापेक्षा घरी बसलेली बरी म्हणून घरी बसली. नोंदवहीतील नाव रात्री तीन वाजता सलाईन बदलायला येत नाही.

सेवा हे श्रम नव्हेत काय?

इतके सारे उघड असताना हे चालते कसे? माझ्या मते त्याचे पुष्कळसे श्रेय ‘सेवा’ या एका शब्दाला आहे. १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने स्त्रियांच्या रात्रपाळीला मर्यादा घालणारा ८९ क्रमांकाचा करार केला. आपल्या कारखाने कायद्यानेही त्याच साली गिरणीतल्या स्त्रीला रात्रीच्या कामापासून संरक्षण दिले. त्या करारातून आरोग्य व कल्याण सेवांतील स्त्रियांना वगळण्यात आले. वगळण्याची अट मूळातून वाचण्यासारखी आहे: ज्या सामान्यतः शारीरिक श्रमाच्या कामात गुंतलेल्या नसतात अशा स्त्रिया. सत्तर किलोचा देह दर दोन तासांनी वळविणे, मलमूत्राचे भांडे उचलणे, आठ तास उभे राहणे हे शारीरिक श्रम नाहीत, असे सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या सभ्य गृहस्थांना वाटले. शुश्रूषा हा स्त्रीचा स्वभाव आहे अशी एकदा समजूत करून घेतली की स्वभावाला कोणी वेतन देत नाही आणि स्वभावाला सुट्टीही लागत नाही. आपल्या देशात त्यात जातीची भर पडली. परक्या देहाचा मळ काढणे हे हलके काम. म्हणून या व्यवसायात प्रथम आल्या त्या ख्रिस्ती मुली, विधवा, टाकून दिलेल्या स्त्रिया, दलित घरांतील लेकी. ज्यांना दुसरा दरवाजा उघडा नव्हता त्यांनी हा उघडला. त्यांच्या कामाचे मोल ज्या तराजूत ठरले त्याचे पारडे आधीच कललेले होते.

त्याच श्रम संघटनेने १९७७ मध्ये परिचारिकांसाठी स्वतंत्र १४९ क्रमांकाचा करार केला आणि जोडीला शिफारशी दिल्या: दिवसाचे काम आठ तासांचे, दोन पाळ्यांमध्ये निदान बारा तासांची विश्रांती, आठवड्याला सलग ४८ तासांची सुट्टी आणि ती कोणत्याही परिस्थितीत ३६ तासांहून कमी नाही. भारताने आजतागायत त्या कराराचे अनुसमर्थन केलेले नाही. १९७७ साली दिल्लीत कोणाचे सरकार होते आणि त्याच्या मंत्रिमंडळात आपल्यापैकी कोण कोण बसले होते, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. इतर सरकारांना दोष देण्यापूर्वी एवढे स्मरण ठेवलेले बरे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये एक विचार मांडला. कामाचा रेटा मोठा असला म्हणून माणूस आजारी पडतोच असे नाही; रेटा मोठा आणि कामावर ताबा मुळीच नाही, अशा ठिकाणी शरीर पोखरले जाते. सर्जनही रात्रंदिवस राबतो, निवासी डॉक्टरांचे हाल तर परिचारिकांहून कमी नाहीत. पण वॉर्डात कोणाला दाखल करायचे, कोणते औषध विकत घ्यायचे, कोणाची बदली करायची, यांतले काहीही परिचारिकेच्या हाती नसते. औषध संपले की शिवी तिला, डॉक्टर उशिरा आले की धक्काबुक्की तिला. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे. मध्यरात्री संतापलेल्या जमावापुढे तो कपाटातून बाहेर येत नाही.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रोगी गेले. नगरच्या प्रकरणात पोलिसांनी ज्या चौघींना अटक केली त्यांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. विजेच्या तारा परिचारिकांनी ओढल्या नव्हत्या. अग्निसुरक्षेचा निधी त्यांनी अडविला नव्हता. ज्यांच्या सहीने त्या गोष्टी होतात त्यांच्या दारापर्यंत पोलिसांना पोहोचायला वेळ लागतो; वॉर्डातील सिस्टर मात्र हजेरीपटावर लगेच सापडते. त्या अटकेनंतर महाराष्ट्रातील प्रत्येक अतिदक्षता विभागात रात्री बसलेल्या परिचारिकेच्या छातीत जी धडधड सुरू झाली असेल तिच्यावर ध्यानाचा कोणता प्रकार लागू पडतो?

अत्यावश्यक, पण तात्पुरत्या

परिचारिका संपावर गेल्या की शासनाला ‘मेस्मा’ आठवतो. मग त्या अत्यावश्यक सेवेत असतात. पद भरण्याची वेळ आली की त्याच अत्यावश्यक स्त्रीला अकरा महिन्यांचा करार, बंधपत्र किंवा बाहेरच्या कंपनीची चिठ्ठी मिळते. मे २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेने काम बंद केले ते खासगी संस्थांमार्फत भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध. जुलै २०२५ मध्ये पुन्हा राज्यभर संप झाला. मागण्यांच्या यादीत कंत्राटी भरतीचा विरोध आणि वेतनातील त्रुटी होत्याच. दोन्ही वेळा वृत्तपत्रांनी ‘रुग्णांचे हाल’ असे मथळे दिले. कंत्राटाचा आणि प्रकृतीचा संबंध सरळ आहे: जिची नेमणूक दर अकरा महिन्यांनी कोणाच्या तरी मर्जीवर असते ती कंबर दुखते म्हणून रजा मागत नाही, सुई टोचली तरी नोंद करीत नाही, आणि गरोदरपण लांबविता येईल तितके लांबविते.

खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांची कथा याहून वाईट. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी दिलेल्या आदेशानुसार केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली. तिने सांगितले: दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके वेतन, शंभर ते दोनशे खाटांत फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांत फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासहून लहान रुग्णालयातही २०,००० रुपयांच्या खाली नाही. केंद्राने या शिफारशी राज्यांकडे पाठविल्या. मिरजेच्या किंवा कराडच्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहून पाळी सुटलेल्या दहाजणींना पगार विचारावा. शिफारशींचे काय झाले ते कळेल. आवारातच परिचर्या विद्यालय असले म्हणजे मालकाचे काम आणखी सोपे होते. फी भरून शिकायला आलेल्या मुली शिकाऊ म्हणून वॉर्ड ओढतात.

१९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात रुग्णालय हाही उद्योग आहे असा निवाडा दिला होता आणि त्यामुळे तेथील कामगाराला औद्योगिक कायद्याचे दार उघडले होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी कार्य करणाऱ्या संस्थांना उद्योगाच्या व्याख्येतून वगळले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती संहिता अमलात आली. आपल्या दोन जिल्ह्यांत किती रुग्णालये ट्रस्टच्या नावावर आहेत आणि त्या ट्रस्टांवर कोणत्या सहकारमहर्षींची, शिक्षणमहर्षींची घराणी बसली आहेत, याची मोजदाद कार्यकर्त्यांनी करावी. साखर कारखान्यातील कामगाराला संघटनेचा हक्क आहे. त्याच घराण्याच्या रुग्णालयातील परिचारिका परोपकाराच्या कक्षेत जाते.

“पैसा कोठून आणायचा?” हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनी जितका विचारला नाही तितका पुढाऱ्यांनी विचारला आहे. काही कामे अशी असतात की यंत्राने त्यांचा वेग वाढत नाही, हे विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात वाद्यवृंदाचे उदाहरण देऊन दाखविले. आपण मिरजेचे उदाहरण घेऊ. अब्दुल करीम खाँसाहेबांचा विलंबित ख्याल अर्ध्या वेळात गाऊन उत्पादकता दुप्पट करता आली नसती. जखमेची मलमपट्टीही तशीच. कारखान्यात वेतन वाढते आणि यंत्र ते भरून काढते; वॉर्डात वेतन वाढले तर भरून काढायला परिचारिकेचे शरीरच उरते, म्हणून समाजाने तो खर्च उघडपणे करातून उचलला पाहिजे. तो न उचलल्याने वाचत काहीच नाही. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एकेक रोगी वाढला की शस्त्रक्रियेचा रोगी दाखल झाल्यापासून तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढत होती आणि परिचारिका शिणून विझून जाण्याची शक्यता तेवीस टक्क्यांनी. म्हणजे सिस्टरच्या कंबरेतून काढलेल्या कर्जाचे व्याज रोगी भरतो. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून परिचारिकेमागे रोग्यांची कमाल संख्या ठरविली आणि २००४ पासून ती लागू केली. तेथील रुग्णालयमालकांनीही पैसा कोठून आणायचा असेच विचारले होते.

महाराष्ट्र शासनाला परिचारिकांचे महत्त्व कळत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. जर्मन वृद्धांना लागणाऱ्या परिचारिका त्यात आहेत. वाळव्याच्या किंवा माणच्या मुलीने तिकडे जाऊन चार पैसे मिळविले तर मला आनंदच आहे. पण आपल्या वॉर्डातील पदे रिकामी ठेवून निर्यातीची योजना आखणारे हे कसले नियोजन?

आता आपल्या पक्षाविषयी. आपल्या शाखांनी एसटी कामगार, यंत्रमाग, साखर कामगार, धरणग्रस्त, हमाल यांचे लढे दिले. परिचारिकांच्या संपाला आपण फार तर पाठिंब्याचे पत्रक काढले, आणि पुष्कळदा त्या पत्रकातही ‘सेवाभावी भगिनी’ असाच उल्लेख केला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी काम संपल्यावर तळघरात कपडे बदलायला गेलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. बेचाळीस वर्षे त्या तेथेच अंथरुणाला खिळून राहिल्या आणि तेथील परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या त्यांना सांभाळले. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात सिस्टर कपडे कोठे बदलते, हे आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? रुग्ण कल्याण समित्यांवर लोकप्रतिनिधी आणि त्यांचे स्नेही बसतात. त्यांच्या बैठकीत रंगरंगोटी आणि वाहनतळ यांवर चर्चा होते, हजेरीपटावर होत नाही.

कामाची सुरुवात साधी आहे. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. सातारचे जिल्हा रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेचे वैद्यकीय महाविद्यालय आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालय यांना एकेक अर्ज जावा. मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांतली कंत्राटी किती; गेल्या महिन्यात प्रत्येक रात्री, प्रत्येक वॉर्डात, रोगी किती होते आणि परिचारिका किती होत्या; गेल्या पाच वर्षांत किती परिचारिकांनी कंबर व मणक्याच्या आजारासाठी रजा घेतली; कपडे बदलण्याची व विश्रांतीची खोली आणि स्वतंत्र स्वच्छतागृह प्रत्येक मजल्यावर आहे काय. उत्तर तीस दिवसांत यावयास हवे. न आले तर पहिल्या अपिलाचा मसुदा मी लिहून देईन. आलेल्या आकड्यांची कोष्टके करण्याचे कामही माझ्याकडे पाठवावे.